हिशेब मागणारा सभासद

देवपुरातून पांझरा ओलांडून, धुळे शहर मागे टाकीत आग्रा रस्त्याने दक्षिणेकडे निघाले की काही मैलांवर लळिंगचा किल्ला लागतो. त्या परिसरातील रानात लांडोर बंगला आहे. ३१ जुलै १९३७ रोजी डॉ. भीमराव आंबेडकर एका खटल्याच्या कामासाठी धुळ्यास आले होते, तेव्हा त्यांचा मुक्काम या बंगल्यात झाला. त्या मुक्कामाची आठवण म्हणून दर वर्षी ३१ जुलैला तेथे लोक श्रद्धेने जमतात. मात्र तो महिना आणखी एका कारणाने लक्षात ठेवण्याजोगा आहे, आणि ते कारण सहसा कोणी सांगत नाही. त्याच जुलैत मुंबई इलाख्यात बाळासाहेब खेर यांच्या काँग्रेस मंत्रिमंडळाने कारभार हाती घेतला होता. धुळ्याच्या न्यायालयात उभे राहिलेले बॅरिस्टर हे त्या वेळी नव्या विधानसभेतील विरोधी बाकावरचे सभासद होते.

तोवर सरकार परक्यांचे होते. त्याला धारेवर धरणे हे देशकार्यच मानले जाई. आता समोरच्या बाकांवर आपलेच लोक आले होते, आणि तेही तुरुंगवास भोगून आलेले. त्यांना हिशेब कसा विचारायचा? विचारला तर परकी सत्तेला हातभार लावल्याचा आरोप यायचा, आणि न विचारला तर ज्यांच्यासाठी निवडून आलो त्यांचे काय, हा प्रश्न उरायचा. आंबेडकरांच्या चरित्रातील महाड, पुणे करार, राज्यघटना आणि धर्मांतर हे अध्याय सर्वांना ठाऊक आहेत. १९२७ ते १९३९ या काळातील विधिमंडळाचे सभासद आंबेडकर मात्र त्या मानाने अपरिचितच राहिले आहेत.

या सभासदाची पूर्वतयारी विलक्षण होती. १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेला लष्करी सुभेदाराचा हा मुलगा १९१२ साली एल्फिन्स्टन कॉलेजातून अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र घेऊन पदवीधर झाला, बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेला आणि तेथे त्याने सार्वजनिक वित्त हा विषय धरला. पुढे मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात १९१८ पासून काही काळ अर्थशास्त्राची प्राध्यापकी करून ते पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ साली डी.एस्सी. झाले. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा ग्रंथ सर्वश्रुत आहे. येथे महत्त्वाचा आहे तो १९२५ साली प्रसिद्ध झालेला, ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेच्या उत्क्रांतीवरचा ग्रंथ. कलकत्त्याच्या तिजोरीतून प्रांतांना पैसा कसा सुटत गेला, म्हणजे १८७१ साली ठरावीक रकमा, १८७७ पासून काही महसुलाच्या बाबी आणि १८८२ पासून महसुलात वाटा, याचा तो काटेकोर इतिहास आहे. त्याचा निष्कर्ष रोखठोक होता. प्रांतांना मिळालेली ही मोकळीक कारभाराच्या सोयीपुरती होती. प्रांतिक सरकार वरच्या सरकारला जबाबदार होते, खाली बसलेल्या कायदेमंडळाला नव्हते, आणि त्यामुळे कायदेमंडळातील टीकेला टीकेपलीकडे अर्थ उरत नव्हता.

प्रश्न विचारण्याच्या हक्काचीही कथा अशीच तुकड्यातुकड्यांची आहे. १८६१ च्या कायद्याने बनलेल्या कौन्सिलात सभासदाने सरकारला काही विचारावे अशी सोयच नव्हती. १८९२ साली प्रश्न विचारता येऊ लागले आणि अंदाजपत्रकावर बोलता येऊ लागले, पण पुरवणी प्रश्न नाही आणि मतदानही नाही. सरकारने द्यायचे ते उत्तर दिले की विषय संपला. १९०९ साली पुरवणी प्रश्न आला, पण तो मूळ प्रश्नकर्त्यापुरताच. १९१९ च्या सुधारणांनंतर कोणाही सभासदास पुरवणी प्रश्न विचारता येऊ लागला आणि अनुदानाच्या मागण्यांवर मते घेतली जाऊ लागली. प्रांतांत द्विदल राज्यपद्धती आली. शिक्षण, आरोग्य, अबकारी ही सोपीव खाती लोकप्रतिनिधींतून नेमलेल्या मंत्र्यांकडे गेली. जमीन महसूल, पोलीस आणि मुख्य म्हणजे अर्थखाते राखीव म्हणून गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळाकडे राहिले. खर्च एकाचा आणि किल्ली दुसऱ्याकडे. मंत्र्याला विचारावे तर तो अर्थखात्याकडे बोट दाखवी, आणि अर्थखाते आपण लोकांना जबाबदार नसल्याचे शांतपणे सांगे. जबाबदारीची अशी विभागणी टिकणार नाही, हे आंबेडकरांनी ग्रंथात आधीच लिहून ठेवले होते.

अशा कौन्सिलात १९२६ च्या अखेरीस सरकारने अस्पृश्य वर्गाचे प्रतिनिधी म्हणून डॉ. पुरुषोत्तम सोळंकी यांच्यासमवेत त्यांची नेमणूक केली. सरकारनियुक्त सभासद म्हटला की तो सरकारची री ओढणारा, असा सर्वसाधारण समज असे. १९२७ च्या फेब्रुवारीत अंदाजपत्रकावरील पहिल्याच भाषणात हा समज मोडला. प्राप्तिकर ठरावीक उत्पन्नाच्या वरच लागतो, पण शेतसारा एकराच्या मालकालाही चुकत नाही, पीक येवो वा न येवो. मग करदात्याची ऐपत पाहण्याचे तत्त्व शहरातल्या माणसापुरतेच का, अशी विचारणा त्यांनी केली. अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला समजेल इतकी ती साधी होती, आणि तीवर सरकारजवळ सोयीस्कर उत्तर नव्हते.

मार्चमध्ये शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना त्यांनी दोन आकडे शेजारी मांडले. इलाख्यात शिक्षणावर माणशी खर्च चौदा आणे, आणि दारूच्या अबकारीतून माणशी वसुली दोन रुपयांहून अधिक. जे दारूतून घेता तेवढे तरी शाळेवर खर्च करा, एवढीच मागणी. शिवाय प्राथमिक शाळेत येणाऱ्या शंभर मुलांपैकी चौथीपर्यंत अठराच पोचतात आणि बाकीची पुन्हा निरक्षरांत जमा होतात, हेही त्यांनी दाखवून दिले. शिक्षण आणि अबकारी ही दोन्ही खाती सोपीव, म्हणजे लोकांच्या मंत्र्यांची. तेव्हा येथे इंग्रजाकडे बोट दाखवून सुटका नव्हती. खाती वेगळी, मंत्री वेगळे, अहवालही वेगळे. ते आकडे एकत्र आणण्यासाठी कोणाला तरी रात्री जागून ते अहवाल वाचावे लागतात. तेवढे कष्ट घेणारे सभासद कोणत्याच सभागृहात फार नसतात.

आणि मार्चच्या त्याच महिन्यात, २० तारखेला, ते महाडच्या चवदार तळ्यावर होते. या दोन गोष्टी सहसा स्वतंत्रपणे सांगितल्या जातात, पण त्यांचे नाते जवळचे आहे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत हा रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव याच कौन्सिलने १९२३ साली संमत केला होता. सरकारने तो खाली कळविला, १९२४ साली महाड नगरपालिकेने तळे खुले केल्याचा ठरावही केला, आणि तळे होते तसेच बंद राहिले. सभागृहाचा ठराव ही शिफारस होती. तिचे काय झाले हे विचारणारा सभागृहात कोणी नसेल, तर अखेर ओंजळ घेऊन तळ्यावरच जावे लागते.

१९२८ साली त्यांनी वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले. महार वतनदाराने सरकारचे काम बारा महिने करायचे, आणि मोबदला म्हणून तुटपुंजे वतन व गावकऱ्यांकडचे बलुते घ्यायचे. सरकार आपल्या नोकराचा पगार गावाच्या मर्जीवर का सोडते, असा तो प्रश्न होता. विधेयक पुढे सरकले नाही. त्याच वर्षी गिरणी कामगार स्त्रियांच्या प्रसूतिभत्त्याच्या विधेयकाला त्यांनी पाठिंबा दिला. तो कायदा मात्र १९२९ साली झाला. १९२९ च्या मे महिन्यात सायमन कमिशनसाठी नेमलेल्या प्रांतिक समितीपुढे त्यांनी स्वतःचा वेगळा अहवाल दिला. प्रांतात सर्व खाती जबाबदार मंत्र्यांकडे द्यावीत आणि प्रौढ मताधिकार द्यावा, ही त्याची मागणी होती.

१९३५ च्या कायद्याने द्विदल पद्धती गेली आणि प्रांतिक स्वायत्तता आली. १९३६ साली आंबेडकरांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. त्याच वर्षी डिसेंबरात पूर्व खानदेशातील फैजपूर येथे काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन झाले आणि सारा व खंड कमी करण्याचा, न परवडणाऱ्या लहान जमिनींना सूट देण्याचा शेतीविषयक कार्यक्रम तेथे मंजूर झाला. १९३७ च्या निवडणुकीत स्वतंत्र मजूर पक्षाने थोड्याच जागा लढविल्या, पण बहुतेक जिंकल्या. पूर्व खानदेशातून दौलत गुलाजी जाधव निवडून आले. फैजपूरचे वचन देणारे आता मुंबईत सत्तेवर होते, आणि वचनाची आठवण देणारे समोर बसले होते.

१७ सप्टेंबर १९३७ रोजी आंबेडकरांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. कोकणातल्या कुळाची खोताच्या कचाट्यातून सुटका करण्याचे ते कलमवार उत्तरच होते. १९३८ च्या जानेवारीत हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा कौन्सिल हॉलवर आला. विधेयक संमत झाले नाही. खेर मंत्रिमंडळाने १९३९ साली कूळकायदा आणि शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा केला, हे श्रेय त्याला द्यावेच लागेल. खोतीला मात्र हात लावला नाही.

त्याच जानेवारीत लोकल बोर्डांच्या कायद्याच्या दुरुस्तीत अस्पृश्यांसाठी हरिजन हा शब्द घालण्यास भाऊराव गायकवाड यांनी हरकत घेतली. ज्यांना नाव द्यायचे त्यांना ते नको असताना बहुमताने ते लादले गेले, तेव्हा आंबेडकर आपल्या सहकाऱ्यांसह सभागृहाबाहेर पडले. बहुमत कोठवर चालते, याचा तो वाद होता.

सर्वांत मोठी झुंज १९३८ च्या औद्योगिक तंट्यांच्या विधेयकावर झाली. समेटाचे सोपस्कार पुरे होण्याआधी केलेला संप त्याने बेकायदा ठरणार होता. काम सोडणे हा फार तर कराराचा भंग आहे, त्याला गुन्हा ठरविले तर माणसाला इच्छेविरुद्ध राबविणेच होते, असा आंबेडकरांचा युक्तिवाद होता. धुळे, अंमळनेर, जळगाव या गिरण्यांच्या गावांना तो परका वाटण्याचे कारण नव्हते. ७ नोव्हेंबरला मुंबईत एक दिवसाचा संप झाला, गोळीबारही झाला. विधेयक बहुमताच्या बळावर संमत झाले.

त्यांच्या सर्वच भूमिका लोकप्रिय नव्हत्या. मंत्र्यांनी पाचशे रुपये पगार घेण्याचे सर्वत्र कौतुक होत असताना, कार्यक्षमता आणि कारभाराची शुद्धता यांचा विचार न करता पगार ठरवू नये असे त्यांनी सांगितले. ते त्या वेळी अनेकांना रुचले नसणार. १९३९ च्या अंदाजपत्रकावर बोलताना दारूबंदीपायी महसूल सोडण्यावर त्यांनी टीका केली. अबकारीवर १९२७ साली बोट ठेवणाराच आता दारूबंदीला विरोध करतो, म्हणून कोणाला विसंगती दिसेल. परंतु दोन्ही वेळा विचारणा एकच होती: तुटपुंज्या तिजोरीतला रुपया आधी कोठे खर्च व्हावा, शाळेवर की आणखी कशावर?

१९३९ च्या नोव्हेंबरात मंत्रिमंडळ युद्धाच्या प्रश्नावर बाहेर पडले. १९४२ साली आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर सभासद झाले आणि दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळात प्रश्नांना उत्तरे देण्याची पाळी त्यांच्यावर आली, तीही अशा सरकारच्या वतीने, ज्याला ते सभागृह पदच्युत करू शकत नव्हते. दोन्ही बाजूंचा हा अनुभव घेतलेल्या माणसाने ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा मांडताना संसदीय पद्धतीच का निवडली याचे कारण दिले. अध्यक्षीय पद्धतीत सरकारची परीक्षा काही वर्षांनी होते. येथे मतदार ती निवडणुकीत घेतोच, पण सभासद ती रोज घेतो: प्रश्नांनी, ठरावांनी, तहकुबी सूचनांनी, अविश्वासाच्या प्रस्तावांनी. सरकारच्या स्थैर्यापेक्षा त्याची जबाबदारी अधिक मोलाची, म्हणून ही निवड. २०२० च्या सप्टेंबरात साथीचे कारण देऊन संसदेच्या अधिवेशनातून प्रश्नोत्तराचा तास वगळला गेला, तेव्हा या भाषणाची आठवण फार थोड्यांना झाली.

मुंबईच्या कायदेमंडळात त्यांनी मांडलेल्या दोन मोठ्या विधेयकांचे पुढे काय झाले? खोती १९४९ च्या कायद्याने संपली. महार वतन संपविणारा कायदा १९५८ साली झाला आणि १ ऑगस्ट १९५९ पासून अमलात आला. मूळ विधेयक मांडल्याला तेव्हा एकतीस वर्षे झाली होती, आणि ते मांडणाऱ्या सभासदाचे ६ डिसेंबर १९५६ रोजीच दिल्लीत निधन झाले होते.