दातर्तीचा नळ

असोद्यापासून दातर्तीपर्यंतचा सारा मुलूख पूर्वी एकाच खानदेश जिल्ह्यात मोडत असे. १९०६ साली त्याचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले. त्यापूर्वी, १८८४ साली, मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या नावाचे तरुण अभियंते या जिल्ह्यात कामावर आले. ते मूळचे म्हैसूर संस्थानातील मुद्देनहळ्ळीचे. वडिलांचे छत्र लहानपणीच हरपले. शिकवण्या करून त्यांनी बंगळूरचे शिक्षण पुरे केले व १८८३ साली पुण्याच्या सायन्स कॉलेजातून अभियांत्रिकीची परीक्षा पहिल्या क्रमांकाने दिली.

दातर्ती येथे पांझरा नदीच्या एका प्रवाहाखालून पाणी नळाने पलीकडे न्यावयाचे, हे त्यांचे पहिले काम. असा नळ पात्राखाली वाकतो आणि पाणी स्वतःच्या दाबाने पैलतीरी पुन्हा वर चढते. खडक फोडून चर खणणे चालू होते, तोच पावसाळा लागला. पुराबरोबर येणारी वाळू चरात बसू लागली. आज उपसावी, तो उद्या चर पुन्हा भरलेला! पावसाळा सरेपर्यंत काम थांबवावे, असे त्यांनी वरिष्ठांना कळविले. वरिष्ठांना तो शिस्तभंग वाटला. मागणी रास्त होती. परंतु नोकरीच्या आरंभीच असा शेरा बसणे म्हणजे पुढची वाट खुंटणे. विश्वेश्वरय्यांनी वाद घातला नाही. ते पुन्हा वाळूशी झुंजले आणि नळ पुरा केला.

पुढे सिंधमधील सक्कर शहरी तीच वाळू त्यांच्या उपयोगी पडली. सिंधूचे पाणी अतिशय गढूळ. ते गाळण्याचे मोठे हौद बांधण्यास नगरपालिकेपाशी पैसा नव्हता. त्यांनी नदीच्या पात्रातच विहीर खणविली आणि तिच्या तळातून नदीखाली बोगदा नेला. वाळूतून झिरपून आलेले निर्मळ पाणी १८९५ च्या सुमारास शहराला मिळू लागले.

१९०६ साली ते एडनला गेले. अरबस्तानच्या त्या रुक्ष बंदरात पाऊस नाममात्र. वाळवंटात उघड्या पाण्यावर वारा वाळू लोटतो, ऊन ते शोषून घेते. वाळूखालचे पाणी मात्र दोहोंपासून सुरक्षित राहते. उत्तरेकडे अठरा मैलांवर लाहेजच्या नदीचे कोरडे पात्र होते. डोंगरांवर पडलेला पाऊस तेथे वाळूखाली मुरतो, हे ओळखून त्या पात्रातच खोल विहीर खणावी, असे त्यांनी सुचविले.

म्हैसूरचे दिवाणपद, कृष्णराजसागर धरण, १९५५ सालची भारतरत्न पदवी, हे सारे सर्वश्रुत आहे. १९६२ साली त्यांचे निधन झाले. त्याआधी १९५१ साली प्रसिद्ध झालेल्या आठवणींच्या पुस्तकात, नव्वदीच्या वयात, त्यांनी दातर्तीच्या त्या लहानशा नळाची हकीकत आवर्जून नोंदविली.