गाडगेबाबांचा खराटा

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेसाठी मीही चार ओळी लिहाव्यात असा मैत्रिणींचा आग्रह झाला. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण ज्यांना शाळेत जाणे घडले नाही, त्या गाडगेबाबांविषयी लिहिण्यास संकोच कशाला?

बाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी परीट कुटुंबात झाला. त्यांचे नाव डेबूजी. वडील झिंगराजी दारूपायी अकाली गेले. आई सखूबाई लेकराला घेऊन दापुरे येथे माहेरी आल्या. तेथे डेबूजींनी मामांची गुरे राखली, शेतात राबले. पुढे मुलीच्या बारशाला रिवाजाप्रमाणे दारू-मटण न करता त्यांनी गोडाचे जेवण घातले. भाऊबंद रुसले, पण ते बधले नाहीत.

१९०५ साली त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्या, डोक्यावर फुटके गाडगे, हाती खराटा. गावात शिरताच कोणी न सांगता ते रस्ते झाडू लागत. आधी काम, मग भाकरी. रात्री कीर्तन करून लोकांना स्वच्छता, शिक्षण व व्यसनमुक्ती शिकवीत. कोणी पाया पडू लागला तर त्यांना खपत नसे.

लोकांनी दिलेल्या पैशांतून त्यांनी धर्मशाळा बांधल्या, आंधळ्यापांगळ्यांना अन्नवस्त्र दिले. स्वतःसाठी मात्र काही ठेवले नाही. आपल्याच जिल्ह्यातील पंढरपुरात ज्या वारकऱ्यांना जातीमुळे कोणी उतरू देत नसे, त्यांच्यासाठी त्यांनी चोखामेळा धर्मशाळा उभारली. १९४९ साली ती डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीच्या वाटेवर बाबांनी देह ठेवला.

आता एक कबुली. आमच्या गल्लीत झाडायला येणाऱ्या बाईसाठी मी दाराबाहेर कोनाड्यात एक निराळा पेला ठेवला होता. पाणी देते, याचेच मला पुण्य वाटे. गेल्या उन्हाळ्यात मुलगी पुस्तकातील बाबांचा धडा मोठ्याने वाचत होती. वाचता वाचता ती थांबली आणि तिने त्या पेल्याकडे पाहिले. बोलली काहीच नाही. मीच मान खाली घातली. दुसऱ्या दिवशी त्या बाईंना घरात बोलावले, आमच्याच पेल्यातून पाणी दिले आणि प्रथमच त्यांचे नाव विचारले. सहा वर्षे त्या दारात येत होत्या!

आपल्या चिंचोळी एमआयडीसीत पाळी सुटली की किती बायाबापड्या उन्हातून पायी जातात. त्यांना घोटभर पाणी, घटकाभर सावली देण्यास पैसा लागत नाही. मात्र देताना घेणाऱ्याला कमीपणा वाटू नये. बाबांनी धर्मशाळा बांधल्या. आपण निदान आपला उंबरठा मोकळा ठेवूया.