दमास्कसचा सावली मोजणारा कारागीर: इब्न अल-शातिर

शाळेच्या विज्ञानात वेळेचे एकक म्हणून सेकंद येतो, मिनिट येते, तास येतो. पण उन्हाळा असो वा हिवाळा, तास सारखाच का? पूर्वी तसे नव्हते. सूर्योदय ते सूर्यास्त दिवसाचे बारा भाग पाडत, म्हणून उन्हाळ्यातला तास मोठा आणि हिवाळ्यातला छोटा. सारखे तास सावलीवर मोजून दाखवणाऱ्यांत एक मोठे नाव आहे इब्न अल-शातिर यांचे.

त्यांचा जन्म १३०४ च्या सुमारास दमास्कसला झाला. लहानपणीच वडिलांचे छत्र हरपले. आजोबांनी सांभाळले. पुढे ते हस्तिदंताच्या जडावकामाचा हुन्नर शिकले. पोटापाण्याच्या या कामाने हाताला बारीक मापाची सवय लावली. मग इल्मसाठी त्यांनी कैरो आणि अलेक्झांड्रिया गाठले, गणित आणि खगोलशास्त्र शिकले.

दमास्कसच्या उमय्यद मशिदीत ते प्रमुख मुवक्कित, म्हणजे नमाजच्या वेळा ठरवणारे झाले. जोहर आणि असरची वेळ सावलीवरून कळते, त्यामुळे हिशोबात चूक चालत नसे.

१३७१-७२ मध्ये त्यांनी मशिदीच्या मिनारावर संगमरवराची मोठी सूर्यघड्याळ बसवली. लांबी सुमारे दोन मीटर, रुंदी एक मीटर. तिची खुबी अशी की, सावली पाडणारी कड सरळ उभी नव्हती. ती पृथ्वीच्या अक्षाला समांतर, तिरकी होती. काठी सरळ उभी केली तर एकाच वेळची सावली ऋतूप्रमाणे दिशा बदलते. अक्षाला समांतर केली की वर्षभर ती त्याच रेघेवर येते, कारण पृथ्वी आपल्या अक्षाभोवती तासाला १५ अंश फिरते. म्हणून तास सारखे मिळतात.

१३६६ मध्ये त्यांनी तळहातावर मावेल अशी एक पेटीही बनवली होती. तिच्यात सूर्यघड्याळ आणि होकायंत्र होते. चंद्राच्या गतीचे त्यांचे गणित पुढे कोपर्निकसच्या १५४३ च्या ग्रंथातल्या गणिताशी तंतोतंत जुळते.

१३७५ मध्ये त्यांचे निधन झाले. मिनारावरची मूळ घड्याळ एकोणिसाव्या शतकात फुटली. तिच्या जागी नक्कल बसवली गेली; मूळचे तुकडे दमास्कसच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत.

आमच्या मुलांना आम्ही शिक्षक एवढेच सांगतो, हा प्रयोग घरच्या गच्चीवर करा. मुंबईचे अक्षांश सुमारे १९ आहेत. काठी जमिनीशी १९ अंशांत, टोक उत्तरेकडे ध्रुवताऱ्याच्या दिशेने ठेवा. दर तासाला सावलीवर खडूने रेघ मारा. महिन्याभराने पुन्हा बघा. काही मिनिटांचा फरक सोडला तर सावली त्याच रेघेवर असेल. घरात पैसा कमी आहे, वडील नाहीत, हाताला काम आहे, म्हणून इल्म आपल्यासाठी नाही असे कुणा मुलाला वाटत असेल, तर त्याला जडावकाम करणाऱ्या या यतीम पोराची गोष्ट जरूर सांगा.