'स्टुडंट' नावाचा संख्याशास्त्रज्ञ

संख्याशास्त्राच्या पेपरला बसणाऱ्या प्रत्येकाची 'स्टुडंट्स टी' या कसोटीशी गाठ पडते. विद्यार्थ्यांच्या सोयीसाठी केलेली ही एखादी सोपी रीत असावी, असा नावावरून कुणाचाही समज व्हावा. वस्तुतः 'स्टुडंट' हे टोपणनाव आहे आणि ते घेणारे गृहस्थ प्राध्यापक नव्हते. ते बीअरच्या कारखान्यात नोकरीला होते!

विल्यम सीली गॉसेट यांचा जन्म १३ जून १८७६ रोजी इंग्लंडमधील कँटरबरी येथे झाला. ऑक्सफर्डला रसायनशास्त्र व गणित शिकून १८९९ साली ते डब्लिनच्या गिनेस कारखान्यात रुजू झाले. बीअर जवापासून होते. तेव्हा जवाचे नवे वाण जुन्यापेक्षा सरस आहे काय, करण्याची रीत बदलली तर माल सुधारतो काय, असे प्रश्न तेथे सतत पुढे येत. चाचण्या मात्र मोजक्याच करता येत, कारण प्रत्येक चाचणीला जमीन, हंगाम आणि पैसा लागे. त्या काळचे संख्याशास्त्र शेकडो-हजारो मोजमापांच्या आधारावर उभे होते. चारच आकड्यांची सरासरी वाढलेली दिसली, तर तो वाणाचा गुण की निव्वळ योगायोग, हे त्याला नीट सांगता येत नव्हते.

आमच्या घरी शेती आहे, म्हणून ही अडचण मला चांगली समजते. एकाच रानात बांधावरच्या बाभळीखाली ज्वारी खुरटते आणि ओलीच्या कोपऱ्यात कणीस टपोरे भरते. नवे बियाणे नेमके त्या कोपऱ्यात पडले, की गावभर त्याचे नाव होते.

१९०६ साली गॉसेट लंडनला कार्ल पिअर्सन यांच्या प्रयोगशाळेत अभ्यासाला गेले. तेथे त्यांनी केलेला खटाटोप मला फार आवडतो. ३,००० गुन्हेगारांची उंची आणि डाव्या हाताच्या मधल्या बोटाची लांबी यांची नोंद उपलब्ध होती. ते आकडे त्यांनी पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर लिहिले, तुकडे पिसले आणि चार-चारांचे ७५० गट पाडून स्वतःचे गणित पडताळून पाहिले. आकडे थोडे असले, की त्यांच्यातील चढउताराचा अंदाजही कच्चाच असतो. म्हणून फरक खरा मानण्यापूर्वी तो अधिक मोठा असावा लागतो. किती मोठा, हे ठरवणारे कोष्टक त्यांनी १९०८ साली 'बायोमेट्रिका' या नियतकालिकात प्रसिद्ध केले. नोकरांनी स्वतःच्या नावाने लेख छापू नयेत असा कारखान्याचा दंडक, म्हणून हे टोपणनाव! 'टी' हे अक्षर मागाहून, रोनाल्ड फिशर यांनी त्या कामाला दिलेल्या नव्या रूपातून आले.

पण आकडे पुष्कळ असले म्हणजे झाले, असेही नाही. १९३० साली स्कॉटलंडच्या लॅनार्कशायर भागात दुधाचा मोठा प्रयोग झाला. शाळांतील २०,००० मुलांपैकी १०,००० मुलांना चार महिने रोज दूध दिले आणि उरलेल्यांशी त्यांची तुलना केली. पुढच्याच वर्षी गॉसेट यांनी त्यातले दोष उघड केले. निवडीत फेरबदल करण्याची मुभा शिक्षकांना होती. मुळात दूध न मिळालेली मुलेच अधिक उंच व वजनदार होती, म्हणजे कनवाळू शिक्षकांनी गरीब, अशक्त मुले दुधाच्या रांगेत घातली असावीत, असे त्यांचे अनुमान होते. शिवाय वजन कपड्यांसकट घेतलेले, एकदा फेब्रुवारीत, एकदा जूनमध्ये. सुखवस्तू मुलांचे हिवाळी कपडे उतरले की वजन घटणार. गरिबाच्या अंगावर उतरवायला जाड कपडे होतेच कुठे? इतक्या खर्चाऐवजी जुळ्यांच्या, तेही एकसारख्या जुळ्यांच्या, ५० जोड्या घेतल्या असत्या तर उत्तर अधिक खात्रीचे मिळाले असते, असे त्यांनी सुचवले. त्या शिक्षकांना दोष द्यायला माझे मन धजत नाही. पण दुधाने किती फायदा झाला हे कळले असते, तर ते पुढच्या कितीतरी गरीब मुलांच्या कामी आले असते.

पिअर्सन आणि फिशर यांचे आपसांत हाडवैर, पण गॉसेट यांची दोघांशीही मैत्री. शेतातले वाफे चिठ्ठ्या टाकून वाटावेत की समतोल साधून, यावर फिशर यांच्याशी त्यांचा शेवटपर्यंत वाद चालला. १९३५ साली ते गिनेसच्या लंडनमधील नव्या कारखान्यात गेले आणि १६ ऑक्टोबर १९३७ रोजी, वयाच्या ६१ व्या वर्षी वारले. त्या वादातला त्यांचा अखेरचा लेख १९३८ साली 'बायोमेट्रिका'त छापून आला. त्यावरही नाव होते 'स्टुडंट'.