नत्राचे कोडे उलगडणारा संशोधक
हवेत सुमारे ७८ टक्के नत्र असतो. पण पिकांना तो थेट घेता येत नाही. तो त्यांच्यापर्यंत पोहोचविणाऱ्या जिवाणूंची ओळख मार्टिनस बायेरिंक या डच शास्त्रज्ञाने करून दिली.

१६ मार्च १८५१ रोजी अॅमस्टरडॅम येथे त्यांचा जन्म झाला. वडिलांचा तंबाखूचा व्यापार बुडाल्याने बालपण ओढगस्तीत गेले. डेल्फ्टमधील यीस्ट कारखान्यात नोकरीस असतानाच १८८८ मध्ये त्यांनी द्विदल पिकांच्या मुळांवरील गाठींतून जिवाणू वेगळे केले. १८९५ मध्ये ते डेल्फ्टच्या पॉलिटेक्निकमध्ये प्राध्यापक झाले. १९०१ मध्ये त्यांनी जमिनीत स्वतंत्रपणे राहणारा अॅझोटोबॅक्टर शोधला. युक्ती साधी होती. जिवाणूंच्या खाद्यात नत्र ठेवायचाच नाही. मग हवेतून नत्र घेऊ शकणारेच तगतात.

करारी, फटकळ स्वभावाचे बायेरिंक आजन्म अविवाहित राहिले. १९२१ मध्ये निवृत्त होऊन ते गोर्सेल या खेड्यात गेले. तेथेच १ जानेवारी १९३१ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या युक्तीमागील जनुकीय रहस्य मात्र त्यांच्या पश्चात उलगडले. नत्र बांधण्यास ऊर्जा फार लागते. म्हणून अॅझोटोबॅक्टरमध्ये एक प्रथिन त्या कामाची जनुके चालू करते, तर अमोनिया मिळू लागताच दुसरे प्रथिन पहिल्याला रोखते. नत्राची उपासमार हीच या जनुकांची किल्ली. बायेरिंक यांनी ती नकळत फिरविली होती. पेरणीपूर्वी ज्वारीच्या बियाण्यास अॅझोटोबॅक्टर चोळणारा महाराष्ट्रातील शेतकरी त्यांच्याच शोधाचा वारस आहे.