कुलूपकार कै. अर्देशीर गोदरेज

आपल्या जठारपेठेत एखाद्या जुन्या घरी लोखंडी तिजोरी दिसली, तर तिच्या दारावरील नाव अवश्य वाचावे. ते गोदरेज असे निघाल्यास त्यामागील चरित्रही ठाऊक असावे.

अर्देशीर गोदरेज यांचा जन्म मुंबईस एका पारशी कुटुंबात १८६८ साली झाला. वकील होऊन ते एका खटल्यासाठी झांजीबारला गेले. तेथे स्वतःस खरे न वाटणारे विधान न्यायालयात करण्याचा प्रसंग आला. ते करण्याचे नाकारून त्यांनी वकिलीसच रामराम ठोकला.

मुंबईस परतल्यावर मेरवानजी कामा यांच्याकडून ३,००० रुपये कर्जाऊ घेऊन त्यांनी शस्त्रक्रियेची हत्यारे घडविण्यास आरंभ केला. माल उत्तम उतरला. परंतु त्यावर हिंदुस्थानात बनल्याचा शिक्का नसावा, अशी अट व्यापाऱ्याने घातली. अर्देशीरांनी शिक्का सोडला नाही, धंदा सोडला.

पुढे शहरातील घरफोड्यांच्या बातम्या वाचून त्यांचे लक्ष कुलपांकडे वळले व १८९७ साली लालबागेत त्यांनी कारखाना काढला.

या कलेत तेव्हा परदेश फार पुढे होते. अमेरिकेत जेम्स सार्जंट याने १८७३ साली बँकांसाठी घड्याळी कुलूप सिद्ध केले होते. दरोडेखोर रात्री खजिनदारास पकडून तिजोरी उघडावयास लावीत. म्हणून नेमलेले तास संपेपर्यंत ती कोणासही उघडता येऊ नये, अशी ही योजना होती. एक घड्याळ बंद पडले तरी खोळंबा होऊ नये, यास्तव आत दोन-तीन घड्याळे बसवीत. नवल हे की, दाराच्या आतील अंगास राहणाऱ्या त्या यंत्रावरही कारागीर सुरेख वेलबुट्टी कोरीत. बँकेच्या चार माणसांवाचून ती कोण पाहणार? तरीही तीत कुचराई नसे.

अर्देशीरांची कीर्ती वेलबुट्टीवर उभी राहिली नाही. भक्कम पोलाद, चोख काम आणि वर देशी कारखान्याचे नाव, हेच त्यांचे अलंकार. पुढे ते तिजोऱ्याही करू लागले. टिळक स्वराज्य फंडास त्यांनी ३ लाख रुपये दिले. १९३६ साली ते निवर्तले. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या गोदीत भयंकर स्फोट होऊन आग लागली, तेव्हा त्यांच्या कारखान्याच्या तिजोऱ्यांतील कागदपत्रे सुखरूप निघाली.

आतील काम चोख असेल, तरच वरील नावास शोभा येते. आपणही वहीवर नाव घालतो. आतील पानेही त्या नावास साजेशी असावीत.