केरूनाना छत्रे

महाबळेश्वराच्या डोंगरातून उतरणारी सावित्री नदी पोलादपूरवरून महाडकडे वाहत येते. पोलादपूरला ती निव्वळ डोंगरी नदी असते. तिचे पाणी खळाळत एकाच दिशेने जाते. महाडच्या सुमारास मात्र समुद्राची भरती तिला सामोरी येते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी पुष्कळ चढते, अष्टमीच्या सुमारास भांगाच्या दिवसांत ते बेताचेच राहते. पूर्वी या भरतीबरोबर गलबते महाडपर्यंत येत असत. नावाड्यांना भरतीची वेळ ठाऊक असे. पण समुद्राचे पाणी का चढते, हे त्यांना कोण सांगणार? सूर्य आणि चंद्र यांच्या आकर्षणामुळे हे घडते, अशा गोष्टी मराठीतून समजावून देणाऱ्या आद्य शिक्षकांत केरो लक्ष्मण छत्रे यांची गणना होते. लोक त्यांना केरूनाना म्हणत.

केरूनानांचा जन्म १६ मे १८२५ रोजी, आजच्या रायगड जिल्ह्यातील अलिबागजवळच्या नागाव या गावी झाला. लहानपणीच आईवडिलांचे छत्र हरपल्यामुळे ते शिक्षणासाठी मुंबईस चुलत्यांकडे आले. तेथे एल्फिन्स्टन विद्यालयात ऑर्लिबार हे इंग्रज अध्यापक आणि बाळशास्त्री जांभेकर असे दोन थोर गुरू त्यांना लाभले. गणित हा त्यांचा आवडता विषय होता.

वयाच्या सोळाव्या वर्षाच्या सुमारास केरूनाना कुलाब्याच्या वेधशाळेत नोकरीस लागले. तेथे हवेचे तापमान, हवेचा दाब, चुंबकसूचीची दिशा यांची नोंद रोज ठरलेल्या वेळी करावी लागे. काम कंटाळवाणे, पण चुकीला जागा नाही. एक आकडा चुकला तर पुढचे गणितही चुकणार! सुमारे दहा वर्षांच्या या नोकरीत त्यांना एक गोष्ट कायमची पटली. पुस्तकातले गणित कितीही सुंदर असले, तरी ते प्रत्यक्ष अनुभवाशी ताडून पाहिलेच पाहिजे.

१८५१ साली ते पुण्यास अध्यापक म्हणून आले. मुंबई विद्यापीठ स्थापन झाले ते १८५७ साली. तोपर्यंत केरूनाना स्वतःच इतरांना शिकवीत होते. विद्यापीठाची पदवी त्यांच्याजवळ नव्हती. तरीही केवळ विद्वत्तेच्या बळावर ते पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गणित आणि पदार्थविज्ञान यांचे प्राध्यापक झाले. अशा जागांवर त्या काळी बहुधा इंग्रजांचीच नेमणूक होत असे. कॉलेजात इंग्रजीतून शिकवणाऱ्या या प्राध्यापकांनी शाळेतील मुलांसाठी अंकगणिताची व पदार्थविज्ञानाची पुस्तके मात्र मराठीत लिहिली. हवा, भरती-ओहोटी, कालज्ञान अशा विषयांवर त्यांनी मराठीत निबंध वाचले. सूर्यावरील डाग आणि पाऊस यांचा काही संबंध असावा काय, याचाही ते विचार करीत. पाऊस अनेक कारणांवर अवलंबून असतो, असे आज आपण जाणतो. परंतु निसर्गाला प्रश्न विचारण्याची त्यांची वृत्ती खऱ्या शास्त्रज्ञाची होती.

त्यांच्या आयुष्यातील सर्वांत अवघड कार्य होते पंचांगाचे. जुन्या पंचांगांचे गणित शेकडो वर्षांपूर्वीच्या कोष्टकांवर चाले. दरवर्षीची अल्पशी चूक साठत साठत मोठी झाली होती. पंचांगात ग्रह एके ठिकाणी, तर आकाशात दुसऱ्याच ठिकाणी दिसे. ग्रहणाची वेळही जमत नसे. केरूनानांनी पाश्चात्त्य ज्योतिर्गणिताच्या आधारे नवी कोष्टके तयार केली आणि १८६० साली ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढे आबासाहेब पटवर्धन यांच्या साहाय्याने १८६५ पासून नवे पंचांग निघू लागले. त्याला पटवर्धनी पंचांग असे नाव पडले.

पण लोकांना ते रुचले नाही. नव्या गणिताने अधिक महिना कधी निराळा येई, आणि मग सणवारही निराळ्या दिवशी येत. वाडवडिलांपासून चालत आलेला दिवस कसा बदलावा? नवे पंचांग फार थोड्यांनी स्वीकारले. तरी केरूनानांनी लोकांच्या मर्जीसाठी गणित बदलले नाही. आकाशात जे दिसते तेच पंचांगात असावे, यावर ते ठाम राहिले.

१८७७ साली सरकारने त्यांना रावबहादूर ही पदवी दिली. १८७९ मध्ये ते निवृत्त झाले आणि १९ मार्च १८८४ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांचे पंचांग सर्वमान्य झालेले त्यांना पाहावयास मिळाले नाही.

परंतु शिक्षकाचे काम त्याच्याबरोबर संपत नाही. बाळ गंगाधर टिळक हे डेक्कन कॉलेजात केरूनानांचे आवडते विद्यार्थी होते. राजकारणाच्या धकाधकीतही लोकमान्यांनी गुरूचे हे अपुरे कार्य सोडले नाही. १९०४ साली मुंबईस पंचांगसुधारणेसाठी परिषद भरली, तीत त्यांनी पुढाकार घेतला. आकाशाशी जुळणारे शुद्ध पंचांग पुढे टिळक पंचांग या नावाने प्रसिद्ध होऊ लागले. नागावच्या पोरक्या मुलाने कुलाब्याच्या वेधशाळेत घेतलेला धडा अशा रीतीने शिष्याच्या हातून पुढे गेला.